उबवणीच्या यंत्रातला थर्मामीटर

वन्सं, काल तुमची पाटी बघून आले. संस्थेच्या जिन्यापाशी तुमचा फोटो लावलाय. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, की तुमच्या एका शोधनिबंधाचा आधार जगभरातल्या हजारो निबंधांनी घेतला. फोटोत तुम्ही हसताय. कामावर असताना तुम्ही हसलेल्या मला तरी आठवत नाहीत, पण असो.

तुमचं आयुष्य अंड्यांत गेलं. आमची धाकटी दिवसभर अंड्यांवर बसते, असं तुमचे दादा कुणालाही सांगायचे. यंत्रात अंडी उबवायची, ठरलेल्या वेळी फोडून आतल्या इवल्या गर्भाचा मेंदू काढायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काचेवर घ्यायचे आणि मेंदू घडताना कुठली पेशी कुठून निघते नि कुठं जाऊन बसते ते बघायचं. तिशीतच तुम्हाला दिसलं, की काही पेशी जन्मल्या जागीच थांबून राहतात आणि उशिरा निघतात. त्या थांबण्यावर तुमचं नाव झालं. संस्थेला अनुदानं मिळाली. संचालक बदलले, पण प्रत्येकानं तुमचा सायटेशनचा, म्हणजे किती निबंधांनी आधार घेतला तो आकडा वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापला. तुम्हीही तो रोज चहाबरोबर बघायचात. नाही म्हणू नका, मी बघितलंय.

मग डावरी आली. डाव्या हातानं काप करायची म्हणून तुम्हीच तिला हे नाव ठेवलंत. तिनं नव्या यंत्रात अंडी उबवली, तर तिच्या पेशी थांबेचनात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सगळ्यांदेखत तुम्ही तिला म्हणालात, "आधी हाताला वळण लाव, मग माझ्या चुका काढ." पोरगी संशोधन सोडून औषधांच्या दुकानात उभी राहिली. निदान तिचं ऐकून तरी घ्यायचं होतं, असं मी जेवताना म्हटलं, तर तुम्ही ताट घेऊन उठलात.

पुढं तुमचं जुनं यंत्र भंगारात निघालं. त्यातला थर्मामीटर तुम्ही आठवण म्हणून काढून घेतलात आणि सहज नव्याशेजारी ठेवलात. एकाच खोलीत दोघांचं जुळेना. जुना जास्त दाखवत होता. त्या दिवशी तुम्ही चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलात.

"वहिनी, हा खोटा असेल तर माझी अंडी गारठलेली होती. पेशी थांबल्या नव्हत्या, पिल्लंच मागं पडली होती. आम्ही वय घड्याळावर धरलं. पिल्लाच्या अंगाकडे बघून ताडायचं, ते कुणी केलंच नाही."

"आणि डावरी?"

"तिचं बरोबर होतं."

तुम्ही संचालकांकडे गेलात. त्यांनी दार लावून चहा मागवला आणि अनुदानाचं वर्ष आहे, निवृत्त झाल्यावर काय ते बोला, असं समजावलं. तुम्ही कसल्या ऐकताय! आधी खात्री, मग निबंध मागे, मग दुकानात जाऊन पोरीला तोंडानं सांगायचं, हा तुमचा क्रम. मी रसायनशास्त्र शिकवलं त्या कॉलेजात तपासून घेतलेला थर्मामीटर होता. दोन्ही एका कोमट पाण्यात धरायचे, एवढंच काम. सोमवारी जाऊ म्हणालात.

रविवारी तुमचं हृदय बंद पडलं.

मी दवाखान्यात कागदांवर सह्या करत होते, तेवढ्यात संस्थेची माणसं घरी आली. तुमच्या दादांनी डोळे पुसत पुसत सगळं देऊन टाकलं: पदक, चष्मा, रुमालात गुंडाळलेला थर्मामीटर. आता तो पाटीखालच्या काचेच्या कपाटात आहे, मखमलीवर. शेजारी चिठ्ठी, 'ऐतिहासिक प्रयोगातील थर्मामीटर'.

मी तो अर्ध्या तासासाठी मागितला. कारणही सांगितलं, मला आडपडदा जमत नाही. संचालक गोड हसले. "आजी, आता ती संस्थेची ठेव आहे." आजी म्हणे! पन्नाशी उलटलेला बाप्या.

येताना डावरीच्या दुकानावरून आले. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. गोळ्यांची पट्टी ती अजून डाव्या हातानंच कापते, अगदी सरळ. सगळं जिभेवर आलं होतं. पण ती तुमच्याच हाताखाली शिकलेली. पहिला प्रश्न विचारेल, "मोजलंत का?"

कॉलेजातला थर्मामीटर मी केव्हाच मागून आणलाय. माझ्या पर्समध्ये आहे. पाणी कोमट करायला कितीसा वेळ लागतो, वन्सं. दुसरा तेवढा कपाटात आहे, आणि किल्ली त्यांच्याकडे.