बायजाबाईंच्या दारात वाचलेलं पत्र

नागपूरच्या कोर्टाबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या टपरीत रुपरावभाऊ टाइपरायटर घेऊन बसत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात आणि मला त्या कव्हरांचा उगाच राग येतो.

जन्मभर भाऊंनी वारसाचे, फेरफाराचे अर्ज टाइप केले. शेवटची काही वर्षं लोक वेगळंच दुखणं घेऊन यायचे. न घेतलेल्या कर्जाची वसुली दारात आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे नाव खराब. भाऊ तीही पत्रं लिहायला शिकले. माणसाचं सांगून झालं की चष्मा पुसत विचारायचे, "आणखी?" असं तीनदा विचारल्याशिवाय त्यांची बोटं हलत नसत. माझी गिऱ्हाइकं ताटकळायची, मी कुरकुरायचो.

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या बायजाबाई अशाच आल्या. लेक दामिनीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण बँक कर्ज देईना. आईच्या नावावर कुणीतरी हप्त्यांनी फ्रिज उचलून पैसे बुडवले होते.

भाऊंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बायजाबाई "काही नाई" म्हणाल्या. कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि ब्युरोला पत्र गेलं. कंपनीचं उत्तर आलं, दोनदा पैसे तुम्हीच भरलेत, मग खातं तुमचं नाही कसं?

भाऊ भडकले. "मले काहून नाई सांगतलं, बाई?"

"वसुलीवाला दारात वरडून राहिला होता, भाऊ. सारा मोहल्ला आयकून राहिला होता. पाचशे हातावर ठेवले तवा गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. तुमाले सांगाले लाज वाटली."

भाऊंचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी नवा कागद चढवला. उत्तरासोबत आलेल्या कर्जाच्या कागदावरची सही इंग्रजीत होती आणि बायजाबाई तर मराठीतच सही करत. ते लिहून झाल्यावर खाली टाइप केलं, 'मी दिलेले हजार रुपये कर्जाचे नाहीत, दारातला आरडाओरडा थांबवण्याचे आहेत.'

"असं कंपनीले चालते का?" मी विचारलं.

"खरं हाय ना? मंग चालते."

महिन्याभराने ब्युरोचं पत्र आलं. ते खातं नावावरून काढलं होतं. दामिनीचं कर्ज सुटलं. मी पेढे मागितले, पण बायजाबाई जागच्या हलेनात.

"भाऊ, हे माह्या दारात येऊन वाचान का? जोरानं."

कुणाचं पत्र भाऊ टपरीबाहेर कधी वाचत नसत. त्या रविवारी मात्र माझ्या स्कूटरवर बसून गेले. दारात उभं राहून त्यांनी ते इंग्रजी पत्र मराठीत करून, बायजाबाईंच्या पूर्ण नावासकट, खणखणीत वाचलं. बाया ओट्यांवर आल्या, पोरं सायकली थांबवून उभी राहिली. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

वाचून झालं. भाऊ कागदाची घडी घालू लागले, तेवढ्यात बायजाबाईंनी त्यांचा हात धरला.

"पुन्हा एकदा वाचा, भाऊ. समोरचे आत्ता बाहेर आले."