कंप्रेसर निर्दोष सुटला

मार्था आंटींची गाडी जोगेश्वरीतल्या माझ्या गॅरेजकडे वळली, तेव्हा समोरच्या टपरीवरचे तिघे चहाचे ग्लास घेऊन उभेच राहिले. बॉनेटखाली कुणी पत्रा किसतंय असा आवाज. आंटींनी मात्र राणीच्या थाटात गाडी लावली आणि उतरल्या.

“परब, उद्या चारला नातीचं लग्न. नवरीला चर्चला मीच नेणार, याच गाडीतून.”

पलीकडून त्यांचा मुलगा रॉनी घामाने निथळत उतरला. “मी भाड्याची गाडी सांगून ठेवलीय. ममाची ही आली तर ब्रास बँडवाले लाजून घरी जातील.”

“तू गप रे. तुला अजून रिव्हर्स येत नाही.”

सर्व्हिस सेंटरने निकाल दिला होता: एसीचा अख्खा कंप्रेसर बदला, पार्ट तीन दिवसांनी येईल. मी सव्वीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतोय. आरोपीचं ऐकल्याशिवाय फाशी देत नाही.

“आंटी, एसी बंद ठेवून आलात?”

“महिनाभर बंदच आहे. आवाज करतो ना, म्हटलं बिचाऱ्याला जरा आराम.”

मी खिडकीतून हात घालून एसीचं बटण दाबलं. टक्. आवाज निम्म्यावर आला.

“चालू केल्यावर कमी?” रॉनी म्हणाला.

इथे मला भाषण करायची संधी मिळाली, आणि मी ती सोडत नसतो. कंप्रेसरच्या तोंडावर एक पुली असते. इंजिन सुरू असेतो पट्टा तिला फिरवतोच, एसी असो वा नसो. एसी लावला की आतलं लोहचुंबक एका प्लेटला ओढून पुलीला चिकटवतं. त्यालाच क्लच म्हणतात. मग कुठे कंप्रेसर फिरतो. म्हणजे एसी बंद असताना आवाज येत असेल, तर कंप्रेसर झोपलेला आहे. ओरडतंय ते पुलीचं बेअरिंग.

“मग मी महिनाभर घाम कुणासाठी गाळला?” रॉनीने विचारलं.

आंटी दुसरीकडे बघू लागल्या.

मी पट्टा उतरवला, पुली हाताने फिरवली. आत वाळू भरल्यासारखी खरखर. गॅस काढायची गरज नव्हती, कंप्रेसर जागचा हलवायचीही नाही. नट सोडवून प्लेट काढली. तिच्यामागच्या पातळ वॉशर डब्याच्या झाकणात ठेवल्या. पुली धरून ठेवणारं लॉक काढलं, पुलर लावून पुली ओढली. जुनं बेअरिंग प्रेसवर ढकलून बाहेर काढलं. त्यातलं ग्रीस वाळून काथ झालं होतं. त्याच नंबरचं नवं बेअरिंग आणून बसवलं, दाब फक्त बाहेरच्या कड्यावर देऊन. आतल्या कड्यावर दाबलं तर नवं बेअरिंग तिथेच मरतं.

सगळं परत जोडलं. पुली फिरवली. खस्, खस्, खस्.

“वा,” रॉनी म्हणाला. “नवा आवाज. फोन करू का भाड्याच्या गाडीला?”

प्लेट आणि पुली यांच्यात जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट लागते. ती त्या वॉशर ठरवतात. इथे कागदही जात नव्हता. काढल्या होत्या तीन वॉशर, झाकणातून उचलून बसवल्या दोनच. गॅरेजची फरशी धुंडाळली. ट्रे उपडा केला.

“ही तुझी बांगडी का रे?” आंटींनी माझ्या कोपराकडे बोट दाखवलं. तिसरी वॉशर ग्रीसने तिथे चिकटली होती.

ती बसवली. गेज घालून फट मोजली, बरोबर. पट्टा चढवला. आंटी आत बसल्या, किल्ली फिरवली, थांबल्या, परत फिरवली. घर्रर.

“परब, सुरूच होत नाही रे.”

“सुरूच आहे, आंटी. किल्ली सोडा.”

टपरीवाला हसला. रॉनीने मोबाइल काढला आणि भाड्याची गाडी रद्द केली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला आंटींची गाडी माझ्या दारात उभी. सगळ्या काचा बंद, मागे नवरी गार वाऱ्यात बसलेली. चर्च अंधेरीत. माझं गॅरेज त्या वाटेवर येत नाही. आंटी मुद्दाम वळसा घेऊन आल्या होत्या. हॉर्न दिला नाही, काच खाली केली नाही. गाडीचा जराही आवाज मला ऐकू न देता निघून गेल्या.

गाडी ओरडली की लोक विचारतात, काय बदलायचं? आधी विचारावं, नेमकी ओरडते कधी. आणि प्लेट परत बसवण्याआधी वॉशर मोजाव्यात.