जुना सरस आणि पुढची सीट

विमान उडवणाऱ्यांकडे किस्से कमी असतात, हे मी स्वतः तपासून पाहिलं आहे. ते वर जातात, खाली येतात, टोपी काढतात, संपलं! किस्से साठतात ते विमान खरवडणाऱ्यांकडे. पाच महिने एकाच लाकडाकडे तोंड करून बसलं की माणूस एक तर साधू होतो, नाहीतर बोलघेवडा. साधू व्हायला मला बायकोची परवानगी नव्हती.

लढाई संपून वर्ष झालं होतं. एका इनामदारांनी हौसेनं घेतलेलं दोन माणसांचं विमान सांगलीत घोड्यांच्या पागेत धूळ खात पडलं होतं. ते दोन बैलगाड्यांतून, धड एकीत आणि पंख दुसरीत, कराडशेजारच्या मलकापूरच्या माळावर आलं. तिथल्या शेंगांच्या रिकाम्या गोदामात ते पुन्हा उडतं करायचं होतं. इनामदारांचे मेव्हणे हवाई दलातून सुटून आले होते; त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. त्यांना माणूस हवा होता. मी साताऱ्याहून गेलो; बिऱ्हाडही मग कराडात हलवलं.

"विमानाचा अनुभव?" कॅप्टननी विचारलं.

"दोन वर्षं आसामात विमानतळावर होतो साहेब!"

हे खरं होतं. तिथं मी ब्लँकेटं मोजत होतो, एवढंच सांगायचं राहिलं.

"लाकडावरचा जुना सरस काढता येतो?"

"डोळे मिटून!"

"मिटू नका," कॅप्टन म्हणाले. "आमच्या तुकडीत एक रिवाज होता. पंखाचे सांधे ज्यानं केले, त्यानंच पहिल्या उड्डाणाला पुढच्या सीटवर बसायचं. इथंही तोच चालेल."

मी मान डोलावली. नोकरी मिळाल्याच्या आनंदात होतो; त्या वाक्याचा अर्थ मला नंतर, कराडच्या स्टँडवर चहा पिताना लागला.

*

माझ्या जोडीला पलूसचे धोंडीबा मिस्त्री. बैलगाड्या करण्यात हयात गेलेली. त्यांनी पंखावर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि माझ्याकडं वळले.

"आवं अण्णा, ह्यात लोखंड कुठं हाय?"

"नसतं मिस्त्री. आत लाकडाच्या बरगड्या, वरून कापड, आणि सांधायला सरस."

"म्हंजी छकडाच की वो!"

"तसंच म्हणा."

"तसंच कसं म्हणू? छकड्याच्या चाकाला लोखंडी धाव तरी असती!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आधी जुनं कापड उतरवायचं होतं. ते बरगड्यांना एका उग्र रोगणानं चिकटलेलं. साहेबी भाषेत त्याला डोप म्हणतात. त्यावर थिनर ओतायचं, रोगण ढिलं झालं की कापड सोलायचं. हे काम दारं उघडी टाकून करतात, असं डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. मला इंग्रजी उत्तम येतं; पण वाऱ्यानं थिनर उडून जातं म्हणून मी दारं लावून घेतली.

चार वाजता बाहेर पडलो तेव्हा मी अत्यंत सुखी होतो. वाटेत एका म्हशीला सलाम ठोकला. तिनं परत ठोकला, असं माझं आजही मत आहे. नाक्यावर हवालदारानं अडवलं.

"तोंड उघडा."

मी उघडलं. त्यानं वास घेतला आणि तो गोंधळला. थिनरचा, पिकल्या केळ्यांसारखा वास!

"काय प्यालाय?"

"काही नाही हो. विमान!"

हवालदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पंधरा वर्सं नोकरी झाली. कोन काढा सांगतं, कोन खोकल्याचं औषध. पर इमान प्यालेला तुमी पयलेच. जावा घरी!"

*

कापड निघालं आणि खरा शत्रू दिसला. दुधाच्या चोथ्यापासून केलेला सरस, वीस वर्षं सुकलेला. दगड परवडला! आणि कॅप्टनचा हुकूम असा की जुन्या सरसावर नवा सरस धरत नाही, तेव्हा लाकूड उघडं पडेपर्यंत काढायचा. पण लाकडाला ओरखडा नको.

मी पटाशी घेतली. फौजेत असंच करायचे, म्हणालो. दोन तास खपलो. घाम पुसून बरगडी मिस्त्रींच्या हातात दिली.

मिस्त्रींनी ती उजेडात धरली. या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली.

"अण्णा, सरस लय झ्याक निघाला."

"मग?"

"आता तेवढी बरगडी आना."

*

तेव्हा मला आठवलं की आंबटानं सरस मऊ पडतो. खरं तर आठवलं नाही, कॅप्टन सहज बोलून गेले होते. ते म्हणाले होते व्हिनेगर. कराडात व्हिनेगर कोण ठेवतो? मी घरून चिंचेचा कोळ आणला.

"विमानाला आमटी घालताय का?" बायकोनं विचारलं.

"तुला नाही कळायचं. हे टेक्निकल आहे."

सगळ्या सांध्यांवर कोळात बुडवलेल्या चिंध्या गुंडाळल्या. कोळ बायकोनं खरोखरच आमटीसाठी केला होता आणि त्यात गूळ होता, हे टेक्निकल ज्ञान मला दुसऱ्या दिवशी मिळालं. सगळा पंख काळा! माळावरचे झाडून सगळे मुंगळे रांगेनं आलेले. मी झाडू उचलला, तर मिस्त्रींनी हात धरला.

"थांबा की. बगा तरी."

मुंगळे मऊ पडलेला सरस कण कण उचलून नेत होते! लाकडाला ओरखडा नाही. मी पाच आठवड्यांत केलं नसतं इतकं काम त्यांनी चार दिवसांत केलं. खोटं वाटत असेल तर मिस्त्रींना विचारा. ते माझ्याहून जास्त मुंगळे सांगतील.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आले. त्यांनी पंखाकडं बोट केलं.

"हे कोण?"

"साहेब," मी म्हणालो, "हाताखालचा स्टाफ."

*

सरस पुरता निघाला की नाही हे ओळखायचं कसं? दिसायला लाकूड आणि सरस एकाच रंगाचे. मिस्त्रींनी युक्ती काढली. जीभ लावायची! कोरडं लाकूड ओल शोषतं, सरस बुळबुळीत लागतो. मला आधी लाज वाटली, पण पुढच्या सीटची आठवण आली की मी जीभ बाहेर काढत असे.

मुंबईहून सरकारी तपासनीस आले, तेव्हा दोन मिशीवाले पुरुष एका पंखाला दोन टोकांनी चाटत होते.

तपासनिसांनी हॅट काढली. "हे काय चाललंय?"

"चाचणी, साहेब," मी ओठ पुसत म्हणालो.

त्यांनी भिंग काढलं. अर्धा तास पाहिलं. त्यातून त्यांनाही काही उमगेना. मग त्यांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "जरा तिकडं तोंड करा." आणि आम्ही भिंतीकडं तोंड करून उभे असताना सरकारनं आमचा उजवा पंख चाखला!

मग डावा. डाव्या पंखात आतल्या कोपऱ्यात एक सांधा होता. तिथं माझा हात पोचत नव्हता, पटाशी पोचत नव्हती, मुंगळेसुद्धा गेले नव्हते. साहेबांची जीभ तर चार बोटं लांब राहिली.

"हा?" त्यांनी विचारलं.

"तो मी कालच चाखलाय साहेब!"

साहेबांनी सही केली. मी त्या सांध्यात काठीच्या टोकानं जुन्या सरसावरच नवा सरस भरला. आठवड्यानं वरून कोरं कापड ताणून शिवलं, रोगण चढलं, आणि माझं पाप पांढरंशुभ्र दिसू लागलं.

*

उड्डाणाचा दिवस ठरला तसा मी बारीक होत गेलो. बायकोनं मात्र हळदीकुंकवाला सगळ्या आळीला सांगितलं, "आमचे हे विमानातून जाणार!" तिनं सांगलीला पत्र घालून माझ्या सासऱ्यांना बोलावलं. लग्न झाल्यापासून त्यांनी मला 'तुमचा काय उद्योग?' याखेरीज काही विचारलं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, मला चक्कर येते. ती म्हणाली, "वर आली तर कुणाला दिसणार आहे?"

सकाळी माळावर ही गर्दी! इनामदार खुर्चीत, बायका एका बाजूला, सासरे छत्री टेकून पुढं. माणदेशाकडचा एक मेंढक्या मेंढरं घेऊन चालला होता, तोही थांबला. "कोन बसनार हाय?" त्यानं विचारलं. कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. त्यानं मला नीट पाहून घेतलं, पुन्हा दिसणार नाही तसं.

बायकोनं ओवाळलं. मी पुढच्या सीटवर चढलो. पट्टा बांधला. डावीकडं पाहिलं. तो कोपरा कापडाखाली शांत झोपला होता. कॅप्टन मागच्या, विमान चालवायच्या सीटवर चढायला पाय उचलणार, एवढ्यात माझे हात आपोआप पट्टा सोडू लागले.

"साहेब," मी म्हणालो, "एक सांधा राहिलाय."

सासऱ्यांनी छत्री उघडून तोंडासमोर धरली.

"कुठला?" कॅप्टननी विचारलं.

"डाव्या पंखात. आतल्या कोपऱ्यात. जुन्या सरसावर नवा भरलाय. आणि आसामात मी ब्लँकेटं मोजत होतो."

कॅप्टन रागावले नाहीत. तेच जास्त भयंकर वाटलं. ते म्हणाले, "उतरा. पंख उघडू, सांधा करू. आणि आठवड्यानं तुमच्या जागी मिस्त्री बसतील."

मिस्त्रींनी पागोटं काढलं. डोकं खाजवलं.

"आवं सायेब," ते म्हणाले, "माजा बी एक हाय. उजवीकडं."

कॅप्टननी आमच्या दोघांकडं पाहिलं. मग त्यांनी विमानाच्या नाकाकडं पाहिलं. स्वतः जोडलेल्या इंजिनाकडं. हातमोजे काढले, पाना उचलला आणि हळूच म्हणाले,

"तुम्ही दोघं पंख उघडा. मी जरा पुढं जाऊन येतो."