पहिल्या कागदावरची खोडलेली ओळ

माझी मावशी दफ्तरखान्यात जुने कागद सांधायची. खळ, मऊ ब्रश, पातळ कागद आणि घड्याळाकडे न बघण्याची सवय, एवढ्या भांडवलावर तिने तीस वर्षं काढली. फाटलेलं काहीही जोडेल, पण तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे समोरच्यानेच थकायचं.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्याच इमारतीत कारकून होते. गोरे साहेब गेले, राज्य बदललं, त्या सकाळी आजोबा नव्या सरकारचा पहिला हुकूम लिहायला बसले आणि हाताच्या सवयीने वर लिहून गेले, 'बादशहांच्या आज्ञेवरून'. लक्षात आल्यावर ओळ खोडली. नव्या साहेबांनी सहीही केली, पण व्हायचं ते हसं झालंच. निवृत्त होईपर्यंत सगळी कचेरी त्यांना 'बादशहा' म्हणायची. घरात हा विषय काढायची कुणाची टाप नव्हती.

चाळीस वर्षांनी त्या दिवसांच्या कागदांचं प्रदर्शन ठरलं आणि तोच हुकूम मावशीच्या टेबलावर आला. वरच्या कडेची वाळवीने चाळण केली होती.

"वरची दोन बोटं कापून टाका," मुख्य अधिकारी म्हणाले.

रात्री मावशीने घरी हे सांगितलं, तेव्हा आजोबांचा जेवता जेवता हात थांबला. "काप गं," ते म्हणाले. "एवढं माझ्यासाठी कर."

त्यांनी लेकीकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मावशीला फार वाईट वाटलं. पण कात्री तिने उचलली नाही. चार दिवस चिमट्याने एकेक कपटा जागेवर बसवत राहिली, आणि खोडलेली ओळ जशीच्या तशी उभी राहिली. आजोबांनी अबोला धरला.

प्रदर्शनाला मीच त्यांना ओढून नेलं. गर्दी नेमकी त्याच कागदापुढे, आणि लोक हसत होते. आजोबा माघारी वळले. तेवढ्यात काचेशी वाकलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मीही कारकून होतो. त्या दिवशी हेच लिहिलं. घाबरून कागद फाडला आणि दुसरा घेतला. ह्या माणसाने का नाही फाडला?"

आजोबा थांबले.

"आपल्या सरकारचा पहिलाच कागद होता," ते म्हणाले. "फाडवेना."

मावशी मागेच उभी होती. हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर प्रदर्शन संपेपर्यंत आजोबा रोज दहाच्या ठोक्याला तिथे हजर असायचे, स्वतःचा आणि लेकीचा डबा घेऊन.