फीत ती नव्हे, फीत ते

टाकेमावशीच्या सुईत दोरा एका दमात जायचा, चष्मा नाकावर असो की खिशात. बाइंडिंगच्या त्या दुकानात एकतीस वर्षं तिचं टेबल खिडकीखालीच होतं. कुणी पानं सुटलेलं पुस्तक आणलं की मावशी ते उलटंपालटं करायची, त्यात नाक खुपसून वास घ्यायची आणि म्हणायची, "हं. जगेल." तिनं जगेल म्हटलं की पुस्तक जगलंच म्हणून समजावं. शिक्षण विचाराल तर सातवी. पण त्यावर कुणी हसलं तर तिचं उत्तर तयार असे, "तेव्हाची सातवी हो! मास्तरांनी व्याकरण छडीनं शिकवलंय. हाडात मुरलंय ते."

आता ही बाई पन्नाशी उलटल्यावर जर्मन शिकायला का बसली, त्याची गोष्ट अशी.

गावात एक म्हातारा घड्याळजी होता. मूळचा जर्मन, पण चाळीस वर्षं इथलंच पाणी पिऊन बोलायला अगदी आपल्यासारखा झालेला. लिहायला बसला की मात्र त्याचा हात जर्मनच चालायचा. दुरुस्तीला पुस्तकं धाडताना प्रत्येकात तो एक चिठ्ठी ठेवी, या पुस्तकाचं काय करायचं त्याची. ती चिठ्ठी वाचून घ्यायला मावशीला दर वेळी कुणाची तरी दाढी धरावी लागे. एक दिवस ती वैतागली. "चिठ्ठी मला, आणि वाचणार शेजारचा? हे काय लग्नाचं पत्र आहे?"

घरी नुकतीच लग्न होऊन आलेली सून जर्मन शिकवायची. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिचे चार-पाच विद्यार्थी जमत. मावशी वही घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. चार दिवस सासूचे म्हणतात, ते संपून सुनेचे सुरू झाले ते असे.

पहिल्याच दिवशी सुनेनं सांगितलं, "जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं. डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते."

"डास?" मावशी म्हणाली. "चावणारा?"

"आई!"

"बरं बरं. पुढं सांग."

पुढं चमचा, काटा, सुरी आली. चमचा तिकडंही तो. पण काटा ती आणि सुरी ते! विद्यार्थ्यांनी कपाळाला हात लावला. आणि मुलगी? मुलगीसुद्धा डास, म्हणजे ते. एक विद्यार्थी तर वही मिटून म्हणाला, "ही भाषा आहे की चेष्टा? धडधडीत मुलगी, आणि ते?"

"अरे, त्यात काय एवढं?" मावशी म्हणाली. "आपण नाही म्हणत, आमचं पोरगं आलं, जेवलं, झोपलं? लहानग्याला 'ते' म्हणायचं. वासरू ते, कोकरू ते, पिल्लू ते. त्यांनी मुलीच्या शब्दाला लाडाचं शेपूट लावलं असणार, म्हणून झालं ते."

सुनेच्या हातातला खडू तसाच राहिला. शेपटाचं ती तिसऱ्या आठवड्यात शिकवणार होती.

त्या दिवसापासून मावशीचा आत्मविश्वास जो वाढला, तो ओसरला नाही. दुकानात टाके घालता घालता ती डेर, डी, डास असं पुटपुटायची. कागद कापण्याच्या मशिनवर सपासप नावाचा गडी होता. कागद कापायचाही सपासप आणि बोलायचाही. तो ओरडायचा, "मावशी, डास फार झालेत वाटतं! धूर करू का?"

"आधी तुझ्या डोक्यात कर. तिथं जाळी धरलीय."

अशात मालकांच्या डोक्यात मशिन शिरलं. पुस्तकाच्या पाठीला गरम गोंद फासून मिनिटाला चार पुस्तकं चिकटवणारं. ठेवायला जागा हवी, म्हणून त्यांनी मावशीच्या टेबलाभोवती खडूनं चौकोनच आखला.

"मावशी, घड्याळजींचे सात खंड आलेत," ते म्हणाले. "शनिवारी ते न्यायला येतील. खूश झाले तर त्यांची अख्खी दोन कपाटं आपल्याकडं येणार आहेत. मग टेबल हलवत नाही. नाही झाले, तर तुम्ही काउंटरवर बसा."

"काउंटरवर बसून काय करू? माश्या मारू?"

"डास मारा की!" सपासप म्हणाला.

मावशीनं सहा खंड चार दिवसांत जुने टाके उसवून नव्यानं शिवले. चिठ्ठ्या तिनं एकटीनं वाचल्या. घोडं अडलं चौथ्या खंडापाशी. त्याचे टाके कुजलेले, पाठ निखळलेली, आणि मधल्या पानात खुणेची एक निळी फीत, विटून दोरे सुटलेली. चिठ्ठीत एवढंच होतं: डास बान्ट बिटं निश्त एंटफेर्नन.

सपासपनं मोबाईलवर शोधलं. "बान्ट म्हणजे खंड. पुढचं म्हणजे 'कृपया काढू नका'. झालं! हा खंड खोलायचाच नाही. सहा शिवा, चौथा तसाच द्या."

मालकांनी मान डोलावली. "गिऱ्हाईक सांगतंय तसं करा. घड्याळजी मुलीकडं गेलेत, फोन लागत नाही. उगाच विषाची परीक्षा नको."

मावशीनं चिठ्ठी उजेडात धरली. हा शब्द सुनेनं तिच्याकडून चांगला आठवडाभर घोटून घेतला होता. शेवटी ड लिहायचा आणि ट म्हणायचा, असा हा बान्ट. डेर बान्ट म्हणजे पुस्तकाचा खंड. डास बान्ट म्हणजे फीत. आणि डी लावून बेंड म्हटलं तर वाजंत्री. एकेकटे असले की खंड आणि फीत जुळ्या भावांसारखे, घोळक्यात मात्र ओळखू येतात: खंड अनेक झाले की बेंडं, फिती अनेक झाल्या की बेंडर. मावशीनं आपली युक्ती केली होती. तो ग्रंथ, म्हणून तो खंड. वाजवणारी ती मंडळी. आणि फीत आपल्याकडं ती असेल, पण शेवटी आहे काय? कापडच. ते कापड, म्हणून ते.

"यात डास आहे," मावशी म्हणाली. "हे फितीबद्दल आहे. फीत काढू नका म्हणतोय तो. आणि आपण नेमकी तीच काढणार होतो, जुनी फेकून नवी लावायची म्हणून."

"अहो, घाईत लिहिलं असेल त्यानं डेरच्या जागी डास," सपासप म्हणाला.

"इथं डेरसुद्धा आला नसता. खंडाला काढू नका म्हणायचं तर डेरचा डेन होतो. आणि काय रे, तू घाईत कधी 'ते कात्री दे' म्हणालास?"

"नाही बुवा."

"दारू पिऊन?"

"तेव्हासुद्धा नाही."

"मग? माणूस दुसरं काहीही चुकेल, आपल्या भाषेतलं तो-ती-ते नाही चुकत."

मालक घाम पुसत म्हणाले, "मावशी, चुकलात तर बँड वाजेल तुमचा."

"ती बँड डी. इथं डी नाही."

एवढं बोलून तिनं खंड खोलला. फीत ज्या पानांच्या गठ्ठ्याला वर चिकटली होती, तो गठ्ठा तिनं तसाच मऊ कागदात बांधला, फितीचं पान न हलवता, आणि बाकीचे गठ्ठे त्याच्या अंगानं शिवत आणले. फितीच्या सुटलेल्या दोऱ्यांना बोटाच्या टोकानं खळ लावली, बस्स. मग तिनं एक चिठ्ठी लिहून त्यात ठेवली. ती सुनेलासुद्धा दाखवली नाही.

शनिवारी घड्याळजी आला. सहा खंड त्यानं नुसते चाचपले. चौथा मात्र उभ्यानंच उघडला, फितीपाशी. पान तेच होतं. त्यानं फीत बोटावरून ओढून पाहिली, पुन्हा जागेवर ठेवली.

"बायको वाचून दाखवायची मला," तो म्हणाला. "इथपर्यंत आली होती."

मग त्याला चिठ्ठी सापडली. त्यानं चष्मा चढवून मोठ्यानं वाचली, "डेर बान्ट इस्ट फेर्टिश. डास बान्ट इस्ट नोख डा." खंड तयार आहे, फीत अजून आहे. म्हातारा खदखदून हसला, डोळे पुसले आणि विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

"मी," मावशी म्हणाली. "चुकलं का काही?"

"माझी मुलगी चुकते यात! कपाटं सोमवारी पाठवतो. पण ती या बाईंनीच शिवायची."

मालक खाकरले. मशिनचं नंतर बघू, असं काहीतरी पुटपुटले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मावशीनं बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि टेबलाभोवतीचा चौकोन पुसायला खाली वाकली.

"मावशी, राहू द्या, मी पुसतो," सपासप पुढं झाला.

"पूस. पण म्हणत म्हणत पूस. खडू?"

"तो."

"रेघ?"

"ती."

"आणि तुझ्या हातातलं?"

सपासपनं फडक्याकडं बघितलं आणि हसला. "डास!"