खोलीचा आवाज

आजवर कुणालाच न सांगितलेलं सांगतो: मला पुरुष आवडतात, आणि लग्नाआधीही ते मला ठाऊक होतं.

त्याला ते बहुधा कळलं होतं. तो सिडनीचा लेखक, रेडिओवर कार्यक्रम करायचा. दर उन्हाळ्यात इथे आखातात, हूरा वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर बहिणीकडे यायचा. भरल्या लिफ्टमध्येही ‘माझा नवरा’ असं आवाज न उतरवता म्हणायचा. कुणाचीही मुलाखत संपली की ओठांवर बोट ठेवायचा. “दादा, आता गप्प. खोलीचा आवाज घेतो, कुणी बोलत नसताना रेकॉर्ड होतो तो.” मग रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन बसायचा.

गेल्या खेपेला त्याने मला विचारलं, “इथे येऊन काय लपवलंत, दादा?”

मी घरघरणाऱ्या एसीकडे बघत राहिलो. त्याने माईक हलवला नाही. “चालेल,” तो हळूच म्हणाला, “हाच खोलीचा आवाज.”

महिन्याभराने बायकोने मोबाइलवर कार्यक्रम लावला. सगळ्यांची उत्तरं झाली आणि शेवटी नुसती घरघर आली.

“अहो, हा आपलाच एसी!” ती हसली. “आणि हा श्वास... तुमचा?”

तिने मोबाइल बंद केला, उठून एसीही बंद केला. माझा श्वास मात्र खोलीत तसाच ऐकू येत राहिला.

काय लपवलंत, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला देणं लागतो.