सूनबाईची कच्ची पोरं

ट्यूशनच्या दारात चपला साचतात, तसे किस्से साचतात. चपला निदान अंधार पडायच्या आत आपापल्या घरी जातात. किस्से मात्र माझ्याच पायरीवर पडून! मी शाळेचं तोंड पाहिलेलं न्हाई. मी सांगून राहिलो, नातू लिहून राहिलाय. सूनबाई कमल सांजच्याला ओसरीवर प्राथमिकची कच्ची पोरं घेऊन बसायची, अन् मी पायरीवर.

लातूर तवा नुकतंच जिल्हा झालेलं. साहेब आले, पाट्या आल्या, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला!

ट्यूशनमधी एक सुनंदा होती. तिसरीत एकदा नापास झालेली. बाप मारोती मोंढ्यात धान्याची पोती वाहणारा हमाल. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "औंदा फेल झाली की शाळा बंद. मुदखेडला आत्याकडं धाडतो, लेकरं सांभाळायला." नऊ वर्षाच्या लेकीची एवढी पक्की सोय लावणारा बाप बघून मला लई भरून आलं!

एक नवे साहेब पोराला घेऊन आले. म्हणाले, "आमचा बंटी अत्यंत हुशार आहे. फक्त लिहिता-वाचता येत नाही."

मी म्हणलं, "बसा साहेब. आमचंबी तसंच हाय!"

भुसार दुकानवाल्या अप्पांचं पोरगं गणितात भोपळा आणायचं. कमलनं गुळाच्या ढेपीचं उदाहरण घातलं. विक्री सांगितली, नफा सांगितला अन् विचारलं, "मग खरेदी कितीला?"

पोरानं पाटी उलटी करून मांडीवर दाबून धरली.

"येत न्हाई का रे?"

"येतंय बाई. पण खरेदीचा भाव परक्या माणसाला सांगायचा न्हाई. अप्पांनी बजावलंय."

कमलनं अप्पांनाच बोलावून घेतलं. अप्पांनी सगळं ऐकलं, पोराच्या पाठीवरनं हात फिरवला. "बाई, पोरगं तयार झालं की! अजून काय शिकवायचं राहिलंय?"

पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला की ट्यूशन खलास. एकदा एका पोराचा बाप तणतणत आला. "तुमच्या क्लासला काही शिस्त हाय का न्हाई?"

मला वाटलं, पोरगं रोज मधूनच पळतं म्हणून चिडला असंल. म्हणलं, "लेकरू हाय. टँकर आला की पळणारच."

"पळणारच ना? मंग आज का न्हाई पळालं? घागर धरून मी एकटाच उभा हाय तिथं!"

कमलनं एकदा पाटीवर लिहायला सांगितलं, नदी म्हणजे काय. सुनंदानं लिहिलं, "वाळू काढायची जागा." कमलनं फुली मारली.

मी म्हणलं, "सूनबाई, आधी मांजरा नदीवर जाऊन बघून ये. मंग मार फुली."

आता या सुनंदाची गंमत अशी. कमलपुढं, मास्तरांपुढं तिच्या तोंडातून अक्षर निघायचं न्हाई. एक दिवस पायरीवर माझ्याशेजारी बसली अन् धडाच्या धडा वाचून काढला. मी विचारलं, "बाईंपुढं का वाचत न्हाईस गं?"

"बाई चुका काढतात. तुम्हाला कुठं काढता येतात!"

बरोबर हाय. तवापासून रोज मला धडे ऐकवायची.

तोंडी परीक्षा घ्यायला हेडमास्तर स्वतः बसले. सुनंदा पुस्तक धरून उभी, तोंड शिवल्यागत. बाहेर खिडकीशी मारोती, कमल अन् मी. तो कमलला म्हणाला, "बघा, मी म्हणलं नव्हतं? उद्याच पोचवतो मुदखेडला." कमल आत गेली, हेडमास्तरांशी कायतरी बोलली अन् मला बोलावणं आलं.

जन्मात पहिल्यांदा शाळेत शिरलो. बाकड्यात गुडघे मावेनात. सुनंदा सरकून शेजारी बसली, नवीन धडा काढला. विहिरीत पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट. एका शब्दाला अडली, पुन्हा धरला, पुढं गेली. मारोतीनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले होते.

अर्धं पान झालं तसं हेडमास्तर म्हणाले, "बास बास! पास झालीस. जा आता घरी."

पोरीनं मान वर केली न्हाई. ओळीवरचं बोटबी उचललं न्हाई.

"थांबा ना सर! कोल्हा अजून विहिरीतच हाय. आजोबा ऐकून राहिले!"